गाडी विकायची की फिरवायची?

मेकॅनिकने स्क्रूड्रायव्हरचे टोक मागच्या चाकाच्या जरा पुढे, दाराखालून जाणाऱ्या पत्र्यावर टेकवले आणि विशेष जोर न लावता दाबले. पत्रा चांगला असला तर अशा वेळी खण्ण आवाज येतो आणि टोक घसरते. इथे आवाजच झाला नाही. भिजलेल्या पुठ्ठ्यात बोट जावे तसे ते आत गेले आणि बाहेर आले तेव्हा त्याला चिकटून तांबूस, ओलसर पापुद्रे आले. मी शेजारी उकिडवी बसून पाहत होते. मेकॅनिक शांतपणे म्हणाले, "ताई, इथे आता पत्रा नाहीच. नुसता रंग उभा आहे."

तोवर गाडी बदलण्याचा विषय आमच्या घरात अधूनमधून निघायचा आणि चहाच्या कपाबरोबर संपायचा. त्या दिवसानंतर तो टाळता येईना. माझी गाडी म्हणजे १९९१ सालची, पहिल्या पिढीतली माझ्दा मियाटा, जी अनेक देशांत एमएक्स-५ या नावाने ओळखली जाते. दोनच आसने, वर कापडी टप, दिवे लावले की बॉनेटमधून डोळे उघडावेत तसे वर येणारे हेडलाइट आणि हाताने टाकायचे पाच गिअर, एवढाच तिचा संसार. माझ्याकडे आली तेव्हा ती १४ वर्षांची होती आणि आता माझ्यापाशीच तिला १९ वर्षे झाली आहेत. दोन्ही बाजूंचा सडलेला पत्रा कापून नवा वेल्डिंगने बसवायचा, आतून गंजरोधक मारायचे आणि मग रंग द्यायचा, या कामाचा मेकॅनिकने सांगितलेला खर्च गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्याहून अधिक होता.

गंजाचा दोष गाडी बनवणाऱ्यांवर ढकलणे सोयीचे होते, पण ते खोटे ठरले असते. टपावर पडणारे पाणी आसनांच्या मागच्या पन्हळीत उतरते आणि दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून गाडीखाली जाते. या नळ्यांत पाने आणि धूळ साचली की पाणी तुंबते, दाराखालच्या पोकळ पत्र्यात शिरते आणि तिथेच मुरते. वर्षातून दोनदा एक लवचिक प्लास्टिकची तार घालून त्या साफ करायच्या, हे मला पहिल्या वर्षापासून ठाऊक होते. गेल्या सहा वर्षांत मी ते एकदाही केले नव्हते. दुखणे अंगावर काढणारी माणसे असतात, तसे मी गाडीचे दुखणे गाडीच्याच अंगावर काढले.

दुसरे कारण घरातच होते. माझ्या नवऱ्याच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि तेव्हापासून तो या गाडीत बसलेला नाही. गाडीची एकूण उंची सव्वा मीटरच्या आत आहे. तिच्यात शिरणे म्हणजे आधी एक पाय आत टाकायचा, मग पार्श्वभाग खाली सोडायचा आणि शेवटी उरलेला पाय हाताने ओढून घ्यायचा, अशी ती कसरत आहे. त्याने एकदा प्रयत्न केला, अर्ध्यावर थांबला आणि म्हणाला, "अगं, बसेन मी कसाही, पण मला बाहेर काढायला क्रेन बोलवावी लागेल." आम्ही दोघेही हसलो. मग तो टॅक्सीने तपासणीला गेला आणि मी त्याच्या मागून रिकामे आसन घेऊन गाडी चालवत गेले. घरात दुसरी गाडी नव्हती.

धरले तर चावते आणि सोडले तर पळते, अशी ही अवस्था. ती सोडवण्यासाठी मी जे आधी केले ते बहुधा सगळेच करतात: बदली गाडी शोधू लागले. पण शोधायचे काय, हे कळण्यासाठी आधी आपल्याला नेमके काय आवडते ते स्वतःशी नीट मांडावे लागते आणि तिथेच माझी पहिली पंचाईत झाली. वेग म्हणावा, तर माझी गाडी वेगवान नाही. तिचे १.६ लिटरचे इंजिन सुमारे ११५ अश्वशक्तीचे आहे आणि आजची चार दारांची कुठलीही बरी घरगुती गाडी सिग्नलवरून तिला सहज मागे टाकते. मी अनेकदा मागे पडले आहे आणि त्याचे मला कधीच काही वाटले नाही.

जे आवडते ते वजनाशी बांधलेले आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस बॉब हॉल या अमेरिकी वाहन-पत्रकाराने माझ्दाच्या केनिची यामामोतो यांना जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या धर्तीवर एक साधी, हलकी, उघड्या टपाची गाडी काढा असे सुचवले, आणि बऱ्याच वळणांनंतर ती कल्पना १९८९ साली शिकागोच्या वाहन-प्रदर्शनात लोकांसमोर आली. साठच्या दशकातल्या लोटस एलानची छाया तिच्यावर उघड दिसते. पण तिच्या मुळाशी असलेला हट्ट एकच होता: वजन वाढू द्यायचे नाही. बॉनेट ॲल्युमिनियमचे, इंजिन पुढच्या चाकांच्या आसाच्या मागे सरकवलेले, आणि गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरसंच) दोघांना एकमेकांशी घट्ट बांधणारी ॲल्युमिनियमची एक लांब चौकट, जिच्यामुळे ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबला तरी मध्ये ढिलाई जाणवत नाही. सगळे मिळून वजन साडेनऊशे किलोंच्या आसपास. तिच्या कर्त्यांनी यासाठी 'जिन्बा इत्ताई' हा जपानी शब्दप्रयोग वापरला, म्हणजे घोडा आणि स्वार एकच होणे. जाहिरातवाल्यांनी तो पुढे पार चोथा होईपर्यंत वापरला, तरी मूळ गोष्ट खरी आहे.

तिचा व्यवहारातला अर्थ असा की टायर अरुंद, वजन कमी आणि ताकद बेताची असल्यामुळे गाडी काय करते आहे हे तुम्हाला साध्या, कायद्यात बसणाऱ्या वेगालाही कळते. रुंद टायरांच्या ताकदवान गाडीत तीच जाणीव यायला वेग इतका वाढवावा लागतो की सार्वजनिक रस्त्यावर ते शहाणपणाचे राहत नाही.

एक वळण सांगते. तिसऱ्या गिअरमध्ये वळणाकडे येताना उजव्या पायाच्या चवड्याने ब्रेक दाबलेला असतो. डाव्या पायाने क्लच दाबला जातो आणि त्याच वेळी उजव्या पायाची बाहेरची कड किंचित कलवून ॲक्सिलरेटरला एक टिचकी द्यायची असते, तीही ब्रेकवरचा दाब तसूभरही न बदलता. इंजिनाचे फेरे चढतात, मनगट मागे वळते, दुसरा गिअर पडतो, क्लच सुटतो. हे जमले तर काहीच होत नाही: ना धक्का, ना गाडीची मान डोलते. आणि नाही जमले तर मागची चाके क्षणभर अडखळतात आणि शेजारी बसलेला माणूस तुमच्याकडे पाहतो. हे काहीच न होणे शिकायला मला जवळपास तीन वर्षे लागली. आजच्या गाड्यांत फेरे जुळवण्याचे काम बहुतेक वेळा संगणक करतो आणि माझ्यापेक्षा चांगले करतो, यात वाद नाही.

तर अशी यादी मनात घेऊन मी गाड्या चालवून पाहायला निघाले. पहिली अर्थातच तिचीच पणती, २०१५ पासून विकली जाणारी चौथ्या पिढीची मियाटा. मधल्या काळात साऱ्या गाड्या फुगत गेल्या असताना या गाडीचे वजन त्यांनी पुन्हा एक टनाच्या आसपास आणून ठेवले आहे, ही अभियांत्रिकीतली छोटी गोष्ट नव्हे, कारण सुरक्षिततेचे आजचे सगळे नियम पाळून ते साधावे लागते. माझ्या गाडीचा टप उघडायचा तर आधी मागच्या प्लास्टिकच्या खिडकीची चेन ओढून ती खाली घ्यावी लागते, नाहीतर प्लास्टिक दुमडून तडकते. इथे एक खटका सोडला, हात मागे नेला आणि दोन-तीन सेकंदांत आकाश डोक्यावर आले. गिअर तसाच आखूड आणि नेमका. ब्रेक माझ्यापेक्षा कितीतरी चांगले. स्टिअरिंगला विजेच्या मोटरची मदत असल्यामुळे रस्त्याचा खरखरीतपणा हातांपर्यंत थोडा गाळून येतो, पण माझ्या बिनमदतीच्या स्टिअरिंगशी गाडी लावताना झुंजणाऱ्या माझ्या खांद्यांनी त्याबद्दल तक्रार केली नाही. प्रामाणिकपणे सांगायचे तर ती माझ्या गाडीपेक्षा जवळजवळ प्रत्येक बाबतीत सरस आहे. मात्र आसन तितकेच खाली. नवऱ्याने दार उघडून आत एक नजर टाकली आणि दार हळूच लावून घेतले.

टोयोटा जीआर८६ मला चालवायला फार आवडली. तिचे २.४ लिटरचे इंजिन सपाट, म्हणजे सिलिंडर दोन्ही बाजूंना आडवे असलेले आहे, त्यामुळे वजनाचा मध्य खाली राहतो आणि वळणात गाडी अजिबात कलंडल्यासारखी वाटत नाही. मागे नावाला दोन आसने आहेत, त्यांवर पिशव्या बसतात. पण डोक्यावर पत्रा आला. टपाशिवायच्या गाडीची १९ वर्षांची सवय असलेल्या माणसाला तो पत्रा सतत दिसत राहतो.

अल्पीन ए११० ही गाडी मी केवळ कुतूहलापोटी चालवली, कारण ती मला परवडणार नव्हती. २०१७ मध्ये आलेली ही फ्रेंच गाडी ॲल्युमिनियमची आहे, इंजिन पाठीमागे, वजन अकराशे किलोंच्या आसपास, आणि खराब रस्त्यावर ती ज्या मऊपणाने चालते ते पाहून स्पोर्ट्स कार म्हणजे कडक सस्पेन्शन हा समज पार गळून पडतो. वजन कमी असले की स्प्रिंगही नरम ठेवता येतात, हे साधे गणित तिच्या कर्त्यांनी मनापासून पाळले आहे. तिच्यात क्लचचे पेडल नाही. गिअर आपोआप किंवा स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी बदलतात. माझा डावा पाय सगळा वेळ लग्नघरातल्या दूरच्या पाहुण्यासारखा बसून होता. त्याला काम कोणी सांगेना आणि उठून जाताही येईना.

शेवटी एक समंजस गाडी: फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय. चार दारे, मोठी डिकी, ताकद भरपूर. १९७६ साली आलेली पहिली जीटीआय आठशे किलोंच्या घरात होती आणि आजची चौदाशेच्या वर आहे, हे वाक्य या गाडीबद्दलचा प्रत्येक रसिक एकदा तरी सुस्कारा टाकून म्हणतो, म्हणून मीही म्हणून टाकले. नवरा तिच्यात बसला आणि कोणाचाही हात न धरता उतरला. तो काही बोलला नाही. बोलायची गरजही नव्हती. विजेच्या गाड्यांपैकी दोन पाहिल्या. शांत, चपळ आणि उपयोगी आहेत, पण बॅटरीच्या वजनामुळे माझ्या यादीतला पहिलाच मुद्दा त्यांच्यात बसत नव्हता, म्हणून त्यांच्याशी मी फार वेळ काढला नाही.

या फेऱ्यांनंतर महिनाभर माझे मन झोपाळ्यावर होते. सकाळी नवी मियाटा घ्यावीशी वाटे, संध्याकाळी गोल्फ, आणि रात्री जुन्या गाडीचा पत्रा. मी उणे-अधिकांचे तक्ते केले आणि प्रत्येक तक्त्यात मला हवे ते उत्तर यावे म्हणून गुण कसे फिरवता येतात हेही शिकले. शेवटी नवरा वैतागून म्हणाला, "तू गाड्या कसल्या बघतेस? तू गाडी कधी चालवतेस, ते बघ ना."

त्याला माहीत होते की नाही कोण जाणे, पण ते पाहण्याचे साधन गाडीतच होते. पहिल्या दिवसापासून मी पेट्रोल भरले की तारीख आणि किलोमीटरचा आकडा एका लांबट वहीत लिहून ठेवत आले आहे. सवय वडिलांची, गाडी त्यांची नव्हती, पण पेट्रोलचा हिशेब ठेवावा हे त्यांचे. ती वही मी एका रविवारी घेऊन बसले आणि वर्षाकाठचे आकडे मांडले. पहिल्या वर्षी गाडी ११,६४० किलोमीटर चालली होती. दहाव्या वर्षी सहा हजारांच्या आसपास. गेल्या पूर्ण वर्षी १,९१२.

मी बेरीज पुन्हा केली. तीच आली. जिच्यावाचून माझे कसे होणार म्हणून मी महिनाभर उसासे टाकत होते, ती गाडी मी जवळजवळ फिरवतच नव्हते. पुढचे तीन महिने मी प्रत्येक वेळी किल्ली फिरवली की नोंद केली. १४ वेळा गाडी बाहेर काढली, त्यांतल्या १० फेऱ्या पाच किलोमीटरांच्या आतल्या: भाजी, औषधे, बँक. उरलेल्या चारांपैकी दोन वेळा मी पहाटे एकटीच निघाले होते, कुठे जायचे नसताना. वहीत त्या दोन तारखांपुढे मी न ठरवता काहीतरी खरडले होते. एका ठिकाणी "धुके, टप उघडा, हीटर पायांवर", आणि दुसऱ्या ठिकाणी नुसतेच "दुसरा गिअर!!"

घोडा का अडला, पान का सडले, या जुन्या कोड्याचे उत्तर आपण लहानपणीच पाठ केलेले असते: न फिरवल्यामुळे. गाडीच्या बाबतीत ते शब्दशः खरे आहे. पाच किलोमीटरांच्या फेरीत इंजिन नीट तापतही नाही. जळणातून तयार होणारे पाणी सायलेन्सरमध्ये साचून राहते आणि तो आतून गंजतो; ऑइलमध्ये उतरलेले पेट्रोल आणि ओलावा उडून जायला लागणारी उष्णता त्याला मिळतच नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते, म्हणून किलोमीटर कितीही कमी झाले तरी ते साधारण दोन वर्षांनी बदलावे लागते. टायरांवर नक्षी भरपूर शिल्लक होती, पण बाजूला कोरलेला चार आकडी शिक्का मी वाकून वाचला तेव्हा तो ३२१४ निघाला, म्हणजे २०१४ सालचा ३२वा आठवडा. नक्षी शाबूत असलेले ते रबर दहा वर्षांत वाळून कडक झाले होते, आणि ओल्या रस्त्यावर गाडी हल्ली जरा घसरल्यासारखी वाटते म्हणून मी सस्पेन्शनला दोष देत होते. 'कमी चालवली आहे' हे विक्रीच्या जाहिरातीत कौतुकाने लिहिले जाते. मी तरी ते वाचून आता खूश होणार नाही.

मग माझ्या ध्यानात आले की मी दोन प्रश्नांची गाठ मारून ठेवली होती. गुडघा दुखणाऱ्या माणसाला सुखाने नेता यावे, भाजी-औषधे आणावीत, पावसात निश्चिंत असावे, हा एक प्रश्न. पहाटे एकटीने निघून दुसऱ्या गिअरची ती काहीच न होण्याची गंमत अनुभवावी, हा दुसरा. मियाटा पहिल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून दहा वर्षे राबवली जात होती आणि तिला ते काम कधीच पेलणारे नव्हते. गोल्फ जीटीआय घेतली असती तर दोन्ही प्रश्नांना अर्धे-अर्धे उत्तर मिळाले असते, आणि काही लोकांना ते पुरते, घरात एकच गाडी ठेवायची तर तीच वाट शहाणपणाची आहे हेही खरे. मला मात्र त्या अर्ध्या उत्तरासाठी पूर्ण गाडीची किंमत मोजवेना.

पैशांचा हिशेब मी मन घट्ट करून केला. या गाडीवर आजवर किती घातले हा आकडा मी मुद्दाम बाजूला ठेवला, कारण तो खर्च झालेला आहे आणि पत्रा नवा बसवला किंवा नाही बसवला तरी परत येणार नाही. पुढे काय, एवढेच पाहायचे. नवी गाडी पहिल्या दोन-तीन वर्षांत जितकी किंमत गमावते, तेवढ्यात माझ्या गाडीचे वेल्डिंग, टायर आणि टप असे सगळे होऊन वर काही उरत होते. शिवाय जुन्या गाडीची घसरण बहुधा होऊन गेलेली असते. या गाडीचे सुटे भागही अजून मिळतात. दहा लाखांवी मियाटा २०१६ मध्ये कारखान्यातून बाहेर पडली, आणि इतक्या संख्येने बनलेल्या गाडीचे भाग बनवणे कोणालातरी परवडते. २०१७ मध्ये तर माझ्दाने जपानमध्ये पहिल्या पिढीच्या गाड्या पुन्हा नव्यासारख्या करून देण्याची योजना जाहीर केली आणि त्यासाठी काही भाग नव्याने बनवायला घेतले. दुर्मीळ गाडीवर जीव जडला असता तर हा लेख वेगळा झाला असता.

एक पळवाटही सुचवली गेली. एका ओळखीच्या गृहस्थांनी सल्ला दिला की पत्र्यावर लांबी (भोके बुजवायची पुटी) भरा, वरून रंग मारा आणि उन्हात चांगले फोटो काढून विकून टाका, घेणारा काही वाकून बघत नाही. घेणारी म्हणून १९ वर्षांपूर्वी मीही वाकून पाहिले नव्हते, आणि मला ज्यांनी ती विकली त्यांनी स्वतः वाकून मला दाखवली होती. दाराखालचा तो पत्रा शोभेचा नसतो. दोन आसनांच्या उघड्या गाडीत छप्पर नसल्यामुळे गाडीचा ताठपणा बराचसा त्याच्यावर असतो. तिथे लांबी भरणे म्हणजे पुढच्या माणसाच्या बरगड्यांशी खेळणे.

सुरक्षिततेचा मुद्दा मी शेवटी ठेवला, कारण त्याला माझ्याकडे चांगले उत्तर नव्हते आणि आजही नाही. माझ्या गाडीला ब्रेक दाबताना चाके अडकू न देणारे एबीएस नाही, घसरताना सावरणारी यंत्रणा नाही, बाजूच्या एअरबॅग त्या काळी नव्हत्याच. पावसात ब्रेक दाबताना चाक अडकले तर ते सोडवायचे काम माझ्या पायाचे. उंच, जड गाड्यांच्या गर्दीत माझे डोके त्यांच्या बंपरच्या पातळीवर येते. हा धोका मी स्वतःपुरता पत्करू शकते. भाजी आणायला जाताना, ओल्या रस्त्यावर, संध्याकाळच्या गर्दीत, शेजारी कोणाला बसवून तो पत्करायची काही गरज नव्हती. खरे सांगायचे तर दोन गाड्यांच्या बाजूने मला पटलेले सर्वांत वजनदार कारण हेच होते.

तेव्हा आम्ही एक जुनी, उंच आसनाची, आपोआप गिअर बदलणारी, करड्या रंगाची हॅचबॅक घेतली. तिच्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही आणि तिची खरेदी त्यासाठीच केली. नवरा तिच्यात खुर्चीत बसावे तसा बसतो आणि मी ब्रेक उशिरा दाबते असे पूर्वीसारखेच सांगतो. मियाटाचा पत्रा कापून घेतला. कापलेला तुकडा मेकॅनिकने मला हातात दिला. आतली बाजू पाहताना वाटले त्यापेक्षा तो फारच हलका होता. टायर नवे बसवले, आणि टायमिंग बेल्टही बदलून घेतला. हे इंजिन असे आहे की बेल्ट तुटला तरी पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आपटत नाहीत, म्हणून तो आणखी चालला असता, पण रस्त्यात बंद पडून टो करून घेण्याची हौस मला उरलेली नाही.

दोन गाड्या म्हणजे दोन विमे, दोन जागा आणि दुप्पट धुणे. नुसता उभा राहणारा पांढरा हत्ती पोसायचा नाही, म्हणून मी वहीच्या शेवटच्या पानावर स्वतःला एक अट लिहून दिली आहे: वर्षातून निदान १२ वेळा, प्रत्येक वेळी ५० किलोमीटरांहून जास्त. भाजी मोजायची नाही. एवढे झाले नाही तर पुढच्या मार्चमध्ये गाडी विकायची, पत्र्याचे फोटो खालून काढून, आणि शक्यतो अशा कोणाला, जिला दुसरा गिअर अजून नीट जमत नाही. नवऱ्याने साक्षीदार म्हणून खाली सही केली आणि शेजारी तारीख घातली.

आज डिसेंबर संपत आला आहे आणि वहीत आठ फेऱ्या झाल्या आहेत. काल रात्री पाऊस पडून गेला, म्हणून आज सकाळी आसने पुढे सरकवून मी दोन्ही नळ्यांत तार घातली. डावीकडून एक काळे, कुजलेले पान निघाले. मग दोन्हीकडे तांब्याने पाणी ओतून पाहिले. उजवीकडचे लगेच आणि डावीकडचे थोडे थांबून, मागच्या चाकापुढे फरशीवर ठिबकू लागले.